हत्तीखान्यातलं वऱ्हाड

लग्नाचा मुहूर्त टळणं ही महाराष्ट्रात काही बातमी नव्हे. पत्रिकेत 11 वाजून 42 मिनिटं छापायची आणि एक वाजता अंतरपाट शोधायचा, ही आपली रीतच. या गुन्ह्याला शिक्षा झाली ती एकदाच, बीड जिल्ह्यात. कोकणातली जोगाई परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, अंबाजोगाईपर्यंत पोचली, तोवर मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचा दगड झाला, अशी कथा. परळी उरली होती सुमारे 25 किलोमीटर! देवी कुमारिकाच राहिली. गावालगतच्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं सांगतात. आणि या जोगाईला, म्हणजेच योगेश्वरीला, कुलदेवता मानणारी कोकणस्थ घराणी अजूनही घाट चढून थेट मराठवाड्यात येतात.

अद्भुत कथांच्या जागी लोक का जातात, तर म्हणे ‘खरं होतं का ते बघायला’. हे काही पटत नाही. खऱ्याखोट्याचाच प्रश्न असता तर हे लेणं माणसांनी खडकात कोरलंय, हे पाच मिनिटांत कळून मंडळी परतीच्या बसला लागली असती. माणसाला गाडी काढायला लावते ती अर्धवट राहिलेली गोष्ट. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ झाली की ऐकणारा ताटावर बसतो. लग्न अडलं की तो बघायला निघतो. हॅरी पॉटरचे वाचक लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात रांग लावतात, ती भिंतीत अर्धी घुसलेली सामानाची ढकलगाडी बघायला. लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर यूस्टन स्टेशन होतं, असं रोलिंगबाईंनी पुढे स्वतःच कबूल केलं. रांग हलली नाही. ढकलगाडी पुरती आत गेली असती तर उरली असती नुसती भिंत, आणि तिच्यापुढे रांग लावायला ते काही रेशनचं दुकान नव्हे.

कोणी म्हणेल, ही श्रद्धा, ती कादंबरी. एका तागडीत कशी घालता? परळीला अभिषेक करणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो, हे मान्य. पण तोच माणूस वाट वाकडी करून हत्तीखान्यात उतरतो तेव्हा काय मागणार? दगडी हत्ती नवसाला पावल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा. रावणाशी लढताना जटायू पडला तो बीडमध्ये, जटाशंकराच्या देवळापाशी; तोच नाशिककडे टाकेदला, आंध्रात लेपाक्षीला आणि केरळात चडयमंगलमलाही पडला. केरळकरांनी तर त्याचं अवाढव्य शिल्पच उभारलं. मग खरी जागा कुठली? पक्षी मोठा होता, एवढंच म्हणता येईल. पण झुंज अर्ध्यावर मोडली, हे चारही ठिकाणी सारखंच आहे. आणि मोडलेली झुंज आपल्याच वेशीवर मोडली, असं चारही गावांना वाटतं.

हत्तीखान्यात पाहुणे हत्तीला खेटून, मान ताठ करून फोटो काढतात, अगदी लग्नातल्यासारखा. आपण उशिरा आलो, याचा संकोच तिथं कोणालाच वाटत नाही. यजमानच उशिरा पोचलेले.