आप्पांचं वेळापत्रक

पक्षी बघायला जायचं ते पक्ष्यांसाठी, असं ज्यांना वाटतं त्यांना आप्पा सहलीला नेतात, पण नियोजनात घेत नाहीत. आप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. स्टँड सुटला, पण जगातली प्रत्येक गोष्ट कुठून तरी सुटते आणि कुठे तरी वेळेवर लागते, ही श्रद्धा काही सुटली नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीचं नांदूर मध्यमेश्वरला जायचं ठरलं, की सैबेरियाकडून येणारे पाहुणे त्यांच्या लेखी लांब पल्ल्याची गाडी होतात.

नाशिकहून निफाडमार्गे तासा-सव्वा तासाची वाट. दुसरा कुणीही म्हणाला असता, रविवारी पहाटे निघू. आप्पांची वही मात्र गणपती उठले की उघडते. भुवई बदकं सगळ्यांच्या आधी येतात, म्हणून त्यांच्यापुढे 'जादा गाडी' असा शेरा. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे दिवाळीनंतरचे, म्हणून 'नियमित'. रोहित म्हणजे फ्लेमिंगो; त्याच्यापुढे 'बेभरवशाची', आणि खाली लाल रेघ.

मग ते पाटबंधारे खात्यातली ओळख काढून पाण्याच्या आवर्तनाची चौकशी करतात. हे मात्र खरं शहाणपण. कारण नांदूर मध्यमेश्वर हे मुळात तळं नव्हेच. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधलेला हा बंधारा; कोपरगावकडे जाणाऱ्या कालव्यांना पाणी मिळावं, एवढाच हेतू. शंभर वर्षांत गाळ साचला, मध्ये बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि इंजिनिअरांची डोकेदुखी पक्ष्यांच्या पथ्यावर पडली. 1986 साली अभयारण्य झालं, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. दारणा-गंगापूरचं पाणी वरून सुटलं की बंधाऱ्याची पातळी हलते, आणि उथळ पाण्यात चरणारे शेकाटे, तुतवार आपली जागा बदलतात. आप्पा हे सगळं मीटिंगमध्ये इतकं सुरेख सांगतात, की त्यांनी तिथेच थांबावं. ते थांबत नाहीत. पुढे डब्यांचा विषय निघतो.

डब्यात कुरकुरीत काही नको, आवाज होतो. लाल, पांढरे, चकाकणारे कपडे नकोत. अत्तर नको. गजराही नको, यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हरकत घेतली. गजऱ्याला बदक कशाला घाबरेल, हा त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. तो इतिवृत्तात आला नाही.

"पण आप्पा, रोहित दिसतील ना हो नक्की?" काकूंनी विचारलं.

"सात वीस ते सात पंचेचाळीस," आप्पा म्हणाले. "नंतर मिसळ आहे."

निफाडच्या थंडीचे आकडे डिसेंबरात पेपरात छापून येतात. ते खोटे नसतात हे गाडीतून उतरताच कळलं. तरी आप्पांनी आधी हजेरी घेतली, मगच चापडगावच्या मनोऱ्याकडे सोडलं. दुर्बीण त्यांच्याच गळ्यात. ती मागितली तर मिळते, पण 'एका माणसाला दोन मिनिटं' या हिशेबाने.

गावातला गाईड पोरगा हुशार. पाणवेलींवरून तोऱ्यात चालणारी जांभळी पाणकोंबडी दाखव, चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवणारे चमचे दाखव, असं त्याचं चाललं होतं. आप्पा पाण्याकडे पाठ करून मनोऱ्यावरची डोकी मोजत होते. एक कमी भरत होतं. तेवढ्यात कुठून तरी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावर उतरत आला आणि बदकांचे थवेच्या थवे एकदम उठले. पंखांच्या आवाजाने बोलणं ऐकू येईना. पोरं ओरडली, काकूंनी तर टाळ्या वाजवल्या.

"शांतता!" आप्पा गरजले. "आणि तो आठवा माणूस कुठाय?"

आठवा माणूस तेच होते, हे गाईडने हळूच दाखवून दिलं.

सात पंचेचाळीस झाले. रोहितांचा पत्ता नव्हता. आप्पांनी वही काढली, लाल रेघेसमोर 'फेरी रद्द' असं लिहिलं, खाली सही केली.

"काका, रात्रीतून पाणी चढलंय," गाईड समजुतीने म्हणाला. "उतरलं की येतील. पुढच्या आठवड्यात, कदाचित."

आप्पांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"कदाचित म्हणजे किती वाजता?"