सत्तावीस मिनिटं आणि दोन तास

केरी, नॉर्थ कॅरोलिना
२९ डिसेंबर २०२४

ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

इथे डिसेंबर लागला की याद्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षातले उत्तम चित्रपट, उत्तम पुस्तकं, उत्तम मोबाइल, उत्तम सॅलड. माणसाने वर्षभर काय केलं याचा पुरावा म्हणून प्रत्येक जण काहीतरी क्रमवार लावून दाखवतो. त्यातली सर्वात भांडखोर यादी गाण्यांच्या अल्बमांची, आणि त्यातही इंडी संगीताची. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, लहान लेबलांवर किंवा गाणाऱ्याने स्वतःच काढलेलं, ते इंडी. एवढी जुजबी ओळख तूर्त पुरे. मिरजेच्या माणसाला गाण्याची यादी पाठवणं हा आगाऊपणा आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण यंदा घरात सर्वांचं ज्यावर एकमत झालं, असा हा एकमेव विषय असल्यामुळे तो कागदावर उतरवणं भाग आहे. आमच्या यादीची कसोटीही एकच आहे: अल्बम किती लांब असावा, हे कोणी ठरवलं? गाणाऱ्याने ठरवलं असेल तर तो यादीत यायला पात्र. हिशेबाने ठरवलं असेल तर तो कितीही गोड असो, दुसऱ्या यादीत.

लांबीचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ध्वनिमुद्रणाचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरला आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हापासून आपल्याकडचा राग तबकडीच्या एका बाजूत, म्हणजे तीनेक मिनिटांत बसवावा लागला. १९४८ साली एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. १९८२ साली सीडी आली, तिने ७४ मिनिटांपर्यंत मजल मारली. म्हणजे इतकी वर्षं लांबी यंत्राने ठरवली. आता गाणं इंटरनेटवरून वाहतं, तिथे यंत्राची हद्द उरलेलीच नाही. कोणी तीन दिवसांचा दरबारी टाकला तरी हरकत घ्यायला तबकडी नाही. पण यंत्राने हात काढून घेतला तिथे हिशेबनीस येऊन बसला. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं की ते एकदा वाजलं असं धरतात. पुढे ते दोन मिनिटं चाललं काय नि वीस मिनिटं चाललं काय, मोजणी तीच. शिवाय यंदापासून, आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला मोबदलाच नाही. यातून कोणाही शहाण्या माणसाने काय शिकावं? गाणी आखूड करावीत, संख्येने वाढवावीत आणि मुखडा दारातच उभा करावा. आलाप नंतर, जमला तर. हे गणित ज्यांनी यंदा धुडकावलं, ते आमच्या यादीत वर आहेत.

सर्वात वर सिंडी ली यांचा ‘डायमंड ज्युबिली’. हे नाव पॅट्रिक फ्लेगेल या कॅनडातल्या कलाकाराने रंगमंचासाठी घेतलं आहे. नुसतं टोपणनाव नव्हे. त्यासोबत लुगडं-पोलकं छापाचा पूर्ण स्त्रीवेषही आहे, आणि बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्याचं नवल वाटायचं कारण नाही. अल्बममध्ये ३२ गाणी आहेत आणि तो दोन तासांवर चालतो. मार्चअखेर तो आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हता, ॲपलवर नव्हता. यूट्यूबवर एकसलग दोन तासांची फीत, आणि १९९० च्या दशकातली वाटावी अशा एका वेबसाइटवरून उतरवून घेण्याची सोय. इच्छा असेल तर ३० कॅनडियन डॉलर पाठवावेत अशी विनंती. जाहिरात नाही, दुकान नाही, दलाल नाही. तरीही एप्रिलमध्ये पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या वेबसाइटने त्याला दहापैकी ९.१ गुण दिले. या पिचफोर्कला त्याच्या मालकांनी जानेवारीतच पुरुषांच्या फॅशनच्या मासिकात विलीन करण्याची घोषणा केली होती, तेव्हा हा कौल म्हणजे घर सोडता सोडता केलेली चांगली गोष्ट म्हणायची. आवाज जुन्या रेडिओतून यावा तसा खरखरीत, चाली १९६० च्या दशकातल्या मुलींच्या गायकवृंदांची आठवण करून देणाऱ्या, आणि गिटार मात्र मधूनच सर्व संकेत सोडून भटकायला जाणारी. यातलं एकेक गाणं वेगळं काढून ऐकलं तर छान वाटतं. सलग ऐकलं तर वेळेचं भान सुटतं. दोन तास हा त्या अल्बमचा आकार नाही, तो त्याचा विषय आहे.

दुसऱ्या टोकाला जेसिका प्रॅट. ‘हिअर इन द पिच’ या तिच्या अल्बममध्ये नऊ गाणी, एकूण २७ मिनिटं. आधीचा अल्बम २०१९ चा. म्हणजे पाच वर्षांत २७ मिनिटं, वर्षाला साडेपाच मिनिटांहूनही कमी. एवढ्या संथ गतीने आमच्या इथलं ग्रीन कार्डसुद्धा पुढे सरकत नाही, असं म्हणणार होतो, पण ते सत्याला धरून होणार नाही. तुम्ही म्हणाल, ही बाई गाते कुठे, पुटपुटते. पण माइक आला म्हणून हळुवार गाणं शक्य झालं, आणि म्हणूनच आपल्याकडे गजाननराव वाटव्यांचं भावगीत घरोघरी गेलं. पेटीच्या वर आवाज चढवणारे नट त्या वेळी काय म्हणाले असतील, याची कल्पना करता येते. शिकागोच्या शेलॅक या त्रिकुटाचं गणितही असंच. ‘टू ऑल ट्रेन्स’ २८ मिनिटांचा, आणि त्याआधीचा अल्बम २०१४ चा. त्यांचा गिटारवाला स्टीव्ह अल्बिनी अल्बम बाहेर येण्याच्या दहा दिवस आधी, ७ मे रोजी, ६१ व्या वर्षी गेला. हा माणूस दुसऱ्यांची गाणी मुद्रित करून पोट भरायचा, पण विक्रीतला हिस्सा कधी घ्यायचा नाही. प्लंबरसारखी कामाची ठरलेली मजुरी द्या, एवढंच त्याने निर्वाणासारख्या गाजलेल्या बँडलाही कळवलं होतं. त्याने मुद्रित केलेल्या त्यांच्या १९९३ च्या अल्बमचा हिस्सा घेतला असता तर केवढे पैसे झाले असते, हा हिशेब आपल्या घरात कोणी करू नये. रात्रीची झोप उडेल.

आता पहिला आक्षेप, आणि तो तुम्हीच घेणार. बंधनातूनच कला निघते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ तीन मिनिटांत मावली, आणि ती अपुरी आहे असं आजवर कोणी म्हटलं नाही. अगदी खरं. पण तबकडीचं बंधन आणि तीस सेकंदांचं बंधन एका जातीचं नाही. तबकडीला गाण्यातलं काही कळत नव्हतं. तीन मिनिटांत खाँसाहेबांनी काय करावं, कुठे थांबावं, कोणत्या सुरावर रेंगाळावं, यात ती पडत नव्हती. आणि तबकडीबाहेर मैफल होतीच, तिथे घड्याळ त्यांचंच होतं. तीस सेकंदांचा नियम मात्र नुसती लांबी मोजत नाही, एका घडणीला बक्षीस देतो आणि दुसरीला उपाशी ठेवतो. सुरुवात सावकाश करणाऱ्याला तो हळूहळू शिकवतो, की बाबा, घाई कर. आणि बंधनच हवं असेल तर प्रॅटबाईंची २७ मिनिटं हे बंधनच आहे की! फक्त ते त्यांनी स्वतःच्या हाताने घालून घेतलं आहे.

दुसरा आक्षेप काकूंचा असणार: मोकळीक दिली की माणूस पसरतो. हाही खोटा नाही. फिल एल्व्हरम हा वॉशिंग्टन राज्यातला कलाकार माउंट ईरी या नावाने गातो आणि स्वतःच्याच लेबलवर अल्बम काढतो. त्याचा नोव्हेंबरमध्ये आलेला ‘नाइट पॅलेस’ २६ गाण्यांचा, ऐंशी मिनिटांच्या घरात जाणारा. त्यात मिनिटभराची गाणी आहेत आणि बारा मिनिटांचं, बरंचसं बोलल्यासारखं एक ‘डेमोलिशन’ही आहे. मध्ये काही ठिकाणी जीव कंटाळतो, हे कबूल. पण स्वातंत्र्य म्हणजे उत्तम मालाची हमी नव्हे. स्वातंत्र्याचा अर्थ इतकाच की कंटाळा आला तर तो एल्व्हरमने दिलेला कंटाळा आहे, त्याचा जाब त्याला विचारता येतो. हिशेबाने कापलेल्या गाण्याचा जाब कोणाला विचारणार? शिवाय त्याच अल्बममध्ये मिनिटाचं आणि बारा मिनिटांचं गाणं शेजारी नांदतं, यावरूनच दिसतं की तो पसरलेला नाही. प्रत्येक गोष्टीला लागेल तेवढीच जागा त्याने दिली आहे.

तिसरा आक्षेप जास्त अडचणीचा. यादीतले काही अल्बम अगदी नेहमीच्या लांबीचे आहेत, मग कसोटी कुठे गेली? आमच्या राज्यातल्या ॲशव्हिलचा एम. जे. लेंडरमन घ्या. ‘मॅनिंग फायरवर्क्स’ नऊ गाण्यांचा, चाळीस मिनिटांच्या आतला. आवाज सपाट, शब्द विनोदी आणि दुखरे, गिटार मात्र भरदार. पण शेवटचं ‘बार्क ॲट द मून’ लावा. ते दहा मिनिटांचं आहे. गाणं लवकरच संपतं आणि उरलेला निम्म्याहून जास्त वेळ नुसता एक गुरगुरता, ताणलेला स्वर चालू राहतो. हिशेबाच्या दृष्टीने ही शुद्ध उधळपट्टी. पण मिरजेच्या तंबोऱ्याला यंदाच भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा एक स्वर धरून बसण्यात वेळ वाया जात नाही, हे तुम्हांला आम्ही सांगायची गरज नाही. हाच लेंडरमन वॉक्सहॅची या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफील्डच्या ‘टायगर्स ब्लड’मध्ये ‘राइट बॅक टू इट’ या गाण्यात तिच्या मागे सूर लावतो. तो अल्बम इथून जवळच्या डरहॅमच्या ब्रॅड कुकने घडवला, आणि त्याच्या भावाचा बँजो त्या गाण्यात इतक्या संथ चालीने जातो, की कोणाला कुठे पोहोचायची घाई आहे असं वाटतच नाही. ॲड्रियान लेंकरचा ‘ब्राइट फ्यूचर’ संगणकाला बाजूला ठेवून फितीवर मुद्रित केला. पहिलंच गाणं पियानोवर, इतकं सावकाश, की तिसाव्या सेकंदाला ते अजून बसायला जागाच शोधत असतं. लांबी नेहमीची असली तरी आतल्या वेळेची मालकी कोणाकडे आहे, ते अशा जागी कळतं. आणि वेळ म्हणजे नुसती मिनिटं नव्हेत, वर्षंही. पिक्सीज आणि ब्रीडर्समधली किम डील हिने स्वतःच्या नावावरचा पहिला पूर्ण अल्बम यंदा काढला, वयाच्या ६३ व्या वर्षी. त्यातलं ‘आर यू माइन?’ स्मृतिभ्रंश झालेल्या आईने तिला विचारलेल्या प्रश्नातून आलं आहे. असं गाणं पंचविशीत लिहिता येत नाही, आणि ते वेळापत्रकात बसवता तर मुळीच येत नाही.

चौथा आक्षेप हिशेबी माणसाचा: ही लहान लेबलंही दुकानंच आहेत, आणि मोठ्या कंपनीतही चांगलं काम होतं. व्हँपायर वीकेंडचा यंदाचा अल्बम सोनीच्या कोलंबिया लेबलवर आला. त्यातलं शेवटचं ‘होप’ आठ मिनिटांना टेकलं आहे. आमच्या कसोटीला तोही उतरतो, आणि ते आम्ही मान्य करतो. पण हा बँड २००८ पासून गाजतो आहे, आणि त्याचा पहिला अल्बम एक्सएल या स्वतंत्र लेबलनेच काढला होता. नाव झाल्यावर मोठ्या घरात आठ मिनिटं मागता येतात. नाव नसताना ती फक्त लहान घरातच मिळतात. पैशांचं म्हणाल, तर बँडकॅम्पवर अल्बम विकत घेतला की साधारण १५ टक्के ते ठेवतात आणि उरलेल्यातला बहुतेक वाटा गाणाऱ्याकडे जातो. म्हणजे एक माणूस एकदा विकत घेतो, तेव्हा तीस सेकंदांचं गणित त्या घरापुरतं तरी मोडतं. सगळ्यांचं पोट यावर भरेल असं नाही, पण कोणाच्या बाजूला उभं राहायचं, हे ऐकणाऱ्यालाही ठरवता येतं.

ऐकायचा क्रम सांगतो. आधी प्रॅट, सकाळच्या चहाला. मग वॉक्सहॅची आणि लेंकर, दुपारी वामकुक्षीआधी. किम डील काकूंसोबत ऐका. लेंडरमन तंबोरा बनवणाऱ्या शेजाऱ्यांना ऐकवा आणि शेवटचा स्वर जुळलेला आहे की नाही, तेवढं विचारून कळवा. शेलॅक मात्र घरात एकटे असाल तेव्हाच लावा. आवाज मोठा आहे आणि भाषा त्याहून. सिंडी लीसाठी रविवारची पूर्ण दुपार काढा, आणि मध्ये फोन घेऊ नका. यातलं काही आवडलं नाही तरी आमची अजिबात तक्रार नाही. फक्त नापसंती पूर्ण ऐकून कळवावी, कारण तीस सेकंदांत मत बनवायचं काम स्पॉटिफायने आधीच घेतलेलं आहे.

काकूंना सा. नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
केरीची मंडळी