राजमान्य राजेश्री पर्जन्योदक यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री रावसाहेब पर्जन्योदक, मुक्काम सह्याद्रीचा माथा, यांचे सेवेसी कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

दरवर्षी मृगाच्या सुमारास आपली स्वारी घाटमाथ्यावर दाखल होते आणि भाद्रपद उलटेपर्यंत मुक्काम हलत नाही; ह्या अवधीत आमच्या डोंगरांवरील पायवाटांची पाहणी, नवी आखणी, खोदकाम, रुंदीकरण आणि प्रसंगी समूळ उच्चाटन ही सारी कामे आपण एकहाती, विनामोबदला, निविदा न भरता व कोणत्याही खात्याची पूर्वमंजुरी न घेता वेळेवर पुरी करता, आणि तरीही आपल्या नावे आभाराचे साधे पत्र कोणी धाडल्याचे ऐकिवात नाही. महाबळेश्वर-माथेरानाकडे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास उतरायचे, आणि तेही बहुतांशी चार महिन्यांत, असा कामाचा उरक आमच्या सार्वजनिक जीवनात अन्यत्र दुर्मीळ आहे. ही उणीव भरून काढावी म्हणून, डोंगर चढण्याचा छंद अद्याप न सुटलेला एक सामान्य नागरिक ह्या नात्याने मी हे पत्र उघडेच लिहीत आहे. पाकिटात घालूनही ते आपल्या हाती कोरडे पोचण्याचा संभव नव्हता.

आपल्या कारभाराचा उत्तम नमुना पाहावयाचा तर पुणेकरांच्या नित्य परिचयाच्या सिंहगडाकडे, आतकरवाडीच्या वाटेकडे पाहावे. पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंतच्या पावणेतीन किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरात ही वाट सुमारे सहाशे मीटर चढते. म्हणजे शंभर पावले चालावीत तो वीस-बावीस पावलांची उंची गाठून होते. अशी नाकासमोर चढणारी वाट ही पायवाट असल्याचा आमचा समज आहे. वस्तुतः ती आपल्यासाठी काढून ठेवलेली पन्हळ होय, कारण उताराची जी सरळ रेषा आपणांस प्रिय, तीच घाईत असलेल्या माणसासही प्रिय असते. रविवारी पहाटेपासून असंख्य बूट माती सैल करून ठेवतात आणि पुढच्या सरीबरोबर आपण ती खाली नेता. मागे उरतात ते बोडके दगड व झाडांची उघडी पडलेली मुळे. त्या दगडांवरून पाय सटकतो म्हणून एक जण कडेच्या गवतातून जातो, त्याच्या मागचा त्याहूनही कडेने, आणि दोन-चार पावसाळ्यांत एका वाटेच्या अनेक वाटा होऊन आपणांस आयतेच कालव्यांचे जाळे मिळते. जेथे वळणे आहेत तेथे वळण तोडून, कारवीची झुडपे तुडवीत सरळ उतरण्यातच ज्यांस पुरुषार्थ वाटतो, अशा तरुणांची आपल्या सेवेत भरती तर दर आठवड्यास चालू असते; त्यांच्यापैकी काहींच्या अंगात निसर्गरक्षणाच्या घोषणा छापलेले टी-शर्ट असतात आणि गडावर पिठलं-भाकरी व मडक्यातले दही खाताना त्यांची चर्चाही डोंगरांच्या ऱ्हासाविषयीच चाललेली असते. आपले इतके निष्ठावंत सेवक आपण नेमके कोणत्या जाहिरातीने मिळविलेत, हे जाणून घेण्याची उत्सुकता आहे.

तथापि आपणांस सावध करणे माझे कर्तव्य आहे. जगात काही मंडळी आपल्याविरुद्ध उघड उघड कारस्थान करीत आहेत. त्यांचे म्हणणे असे की, वाट माणसांसाठी आखण्याआधी ती पाण्याच्या दृष्टीने आखावी. ती सोंडेवरून उभी न नेता डोंगराच्या अंगावरून आडवी न्यावी. तिचा चढ सरासरीने दर शंभर मीटरांस दहा मीटरांच्या वर जाऊ देऊ नये आणि कोठेही तो डोंगराच्या मूळ उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये, म्हणजे आपण वाटेवरून धावत न सुटता ती आडवी ओलांडून मुकाट्याने दरीत निघून जाल. शिवाय वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस किंचित, शंभरात पाच इतका, कलता ठेवावा; आणि मधूनमधून चढत्या वाटेस मुद्दाम चार पावले उतरवून पुन्हा चढवावे, की त्या खोलगट जागी आपली सारी जमवाजमव मोडून आपणांस वाटेबाहेर पडणे भाग पडावे. चालणाऱ्यास हा फरक जाणवतही नाही. जाणवतो तो केवळ आपणांस. ह्या कटाचे सर्वांत दुष्ट अंग असे की त्यास सिमेंट लागत नाही, लोखंड लागत नाही, आणि म्हणून त्यात मक्तेदारास मिळविण्याजोगे फारसे काही उरत नाही. ह्याच एका कारणास्तव तो आमच्याकडे फसेल, अशी मला आपल्या वतीने आशा आहे.

हे सारे परदेशी थेर म्हणून त्याची वासलात लावता आली असती. पण आमच्याच जुन्या लोकांस ही विद्या अवगत होती, ही आपल्या दृष्टीने मोठीच अडचण आहे. कोकणातून घाटावर मीठ नेणाऱ्या लादलेल्या बैलास उभा चढ मानवत नाही, म्हणून घाटवाटा वळसे घेत, मधल्या पदरावर विसावा देत चढविल्या गेल्या; आणि जेथे वळशास जागा नव्हती तेथे दगड बसविले अथवा कातळच खोदला. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख ज्या गुहेत कोरलेला आहे तिच्यापुढून इसवी सनापूर्वीपासून माणसे आणि आपण दोघेही ये-जा करीत आहात, तरी वाट शाबूत आहे. हरिहर किल्ल्याच्या उभ्या कड्यात खोदलेल्या पायऱ्यांस तर बोटे रोवण्यासाठी खोबण्या ठेवलेल्या आहेत, आणि तेथे आपली मात्रा फारशी चालत नाही हे आपणही खासगीत कबूल कराल. अगदी निरक्षर गुराख्याच्या गुरांनी पाडलेली ढोरवाटसुद्धा डोंगराच्या अंगावरून आडवीच जाते. गुरांस वेळ वाचवून तो घालवावयाचा कोठे, हा प्रश्न पडत नसावा.

सुदैवाने आमच्या कारभारी मंडळींनी ह्या पूर्वसूरींकडे पाठ फिरवून आपली बाजू घेतली आहे. एखाद्या वाटेवर आपण घळ पाडलीत की तिची दुरुस्ती म्हणून तेथे सिमेंटच्या पायऱ्या व कडेस लोखंडी नळ्यांचे कठडे मंजूर होतात. तरतूद वर्षअखेर खर्ची पडली पाहिजे ह्या शिरस्त्यास अनुसरून काम उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे आपण डोंगरावर औषधालाही सापडत नाही अशा वेळी, सुरू होते आणि ३१ मार्चच्या आत बिल निघते. पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे पाहण्यासाठी भर पावसात वाट चालून पाहावी, ही आपल्या वैऱ्यांनी सुचविलेली पद्धत अशा रीतीने आपोआप बाद ठरते. पुढे जूनमध्ये आपण पाहणीस येता. पायऱ्यांखालचा मुरूम काढून घेऊन त्या अधांतरी लोंबकळत ठेवता, कठड्याच्या खांबांचे पाय मोकळे करता, आणि ज्या कठड्यास घसरू नये म्हणून धरावयाचे, त्यासच धरून घसरण्याची सोय करून देता. पायऱ्यांची उंची गुडघ्यांचा विचार न करता ठरलेली असल्याने उतरणारी माणसे त्यांच्या कडेने मातीतून उतरतात, तेथे दुसरी घळ पडते, आणि तिच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पुढील वर्षाच्या दप्तरात रुजू होतो. सहकाराच्या ह्या महाराष्ट्रातही इतक्या निर्दोष सहकार्यास जोड सापडणे कठीण. (लोखंड मुळातच वर्ज्य, असे माझे म्हणणे नाही, कळसूबाईच्या कातळटप्प्यांवर शिड्या नसत्या तर १६४६ मीटर उंचीवरील त्या देवीचे दर्शन कित्येक वृद्धांस घडतेच ना. परंतु कातळात रोवलेली शिडी आणि ढिसूळ मुरमात उभा केलेला खांब ह्यांतील भेद अंदाजपत्रकाच्या नमुन्यात लिहिण्यास रकाना नाही.)

आपणांस खरे भय कोणाचे असेल तर ते पायथ्याच्या गावातील दोन माणसांचे, एका पहारीचे, एका कुदळीचे व दोन घमेल्यांचे. मे महिन्याच्या अखेरीस चर उपसावेत, निसटलेले आडवे दगड पुन्हा घट्ट बसवावेत, वळण तोडणाऱ्या चोरवाटांवर काटेरी फांद्या टाकून त्या बुजवाव्यात, आणि जुलैत एक फेरी मारून चरांत अडकलेला पालापाचोळा काढावा, एवढ्याने आपला निम्मा कारभार ठप्प होईल. परंतु भिण्याचे कारण नाही. नव्या कामास लेखाशीर्ष मिळते, उद्घाटनास पाहुणे मिळतात; पालापाचोळा काढण्यास ह्यांपैकी काहीच मिळत नाही. त्यातून पुष्कळशा किल्ल्यांवर माथा पुरातत्त्व खात्याकडे, उतार वनखात्याकडे, गाडीरस्ता बांधकाम खात्याकडे आणि पायथा ग्रामपंचायतीकडे असल्याने त्या दोन माणसांस मजुरी कोणी द्यावी ह्याचा निर्णय पत्रव्यवहारात असतो. ह्या चारही हद्दींतून ना-हरकत दाखल्यावाचून आरपार जाणारे एकटे आपणच.

माथेरानात तर आपली कीर्ती फारच वर पोचली. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ज्या डोंगरावर चढून गेले आणि जेथे मोटारींस मज्जाव करून पायी चालण्याची इभ्रत राखली गेली, तेथील तांबडी माती घोड्यांच्या टापांनी मोकळी होते व आपण ती दरीत नेता. तेव्हा तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणी म्हणाले धूप थांबेल, कोणी म्हणाले घोडे घसरतील. वादाचे मूळ आपण असूनही आपणांस समन्स निघाले नाही, ह्याबद्दल आपले अभिनंदन.

एका बाबतीत मात्र आपल्याशी थट्टा करवत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणानजीकच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील माणसे, त्यांत लेकरे, आपण वाहून नेलीत. माणूस जेथे उभा असतो तेथे भुरभुर असते. आपण मात्र वर, त्याच्या दृष्टीआड, तासभर आधीच कोसळून चुकलेले असता, आणि घोट्याएवढ्या ओढ्यास कमरेएवढे होण्यास फार वेळ लागत नाही, हे त्या परक्या माणसास सांगणारे तेथे कोणी नसते. अशा घटनांनंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात. आपला पत्ता दप्तरी नसल्याने ते माणसांवर बजावले जातात आणि सरसकट डोंगरच बंद होतात. जोखमीच्या ओढ्यापासून वाट वरच्या अंगास वळविणे, ओलांडण्याची एकच जागा ठरवून तेथे पाण्याच्या उंचीची खूण रंगविणे, दिवसास किती माणसांनी जावे ह्याची मर्यादा आखून ती पायथ्याशीच पाळविणे, ही कामे हुकुमाहून कंटाळवाणी आहेत, आणि ती सप्टेंबरात हुकुमाची मुदत संपताच विस्मृतीत जातात.

सबब विनंती इतकीच की, येत्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आतकरवाडीच्या पायथ्याशी एक संयुक्त स्थळपाहणी ठेवण्याची तजवीज मी करू इच्छितो. संबंधित चारही कार्यालयांच्या अधिकाऱ्यांनी जीपमधून उतरून गडापर्यंत पायी यावे आणि आपण वाटेवरून कोठून कोठे जाता ते आपल्याच उपस्थितीत टिपून घ्यावे. आपण वेळेवर हजर राहाल ह्याबद्दल मी जामीन राहतो. इतरांविषयी अशी हमी देता येत नाही. कळावे, लोभ असावा, परंतु बेताचा असावा.

आपला आज्ञाधारक,
एक पादचारी

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी: वर उल्लेखिलेल्या चारही कार्यालयांस. सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही, असे चौघांचेही उत्तर यावयाचे असल्याने टपालखर्चात काटकसर म्हणून चौघांत मिळून एकच प्रत पाठविली आहे.