टाकीवरचा फणस

दुचाकीवर कुठे काय ठेवायचं याचे कायदे आपल्याकडे फार पूर्वीच ठरले आहेत. स्कूटरवर पायापाशी गॅसचा सिलिंडर, हँडलला भाजीची पिशवी, मागच्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. मोटरसायकलची टाकी मात्र धाकट्या मुलाची. हँडलचा मधला दांडा दोन्ही हातांनी धरून, गाडी आपणच हाकतोय अशा तोऱ्यात बसलेलं कार्टं ही टाकीची खरी शोभा. माझा भाचा वर्षानुवर्षं तिथे बसला. आता तो बारावीला आहे आणि बापाच्या मागे बसायचीही त्याला लाज वाटते. तेव्हापासून ती रिकामी टाकी दाजींच्या डोळ्यांत सलत होती.

दाजींची बुलेट जुन्या पठडीतली, गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात कारागिराने ब्रशने, हाताने ओढलेल्या. ताईच्या पैठणीवर वरण सांडलं तर ‘निघेल धुतल्यावर’ म्हणणारे दाजी त्या रेघेजवळ कुणी किल्ली ठेवली तरी उठून उभे राहतात. अशा माणसाने त्याच टाकीवर लोखंडी कॅरियर बसवायचं मनावर घेतलं, कारण मे महिन्यात आम्ही दोघं बुलेटने दिवेआगरला त्यांच्या आत्याकडे जाणार होतो आणि आत्या देईल ते नाकारायची त्यांच्या घराण्यात पद्धत नाही. मागच्या सीटवर मी. ‘हा बसल्यावर मागे जागा उरते का, तूच सांग,’ असं ते ताईला म्हणाले. सख्ख्या बहिणीने मला नीट न्याहाळून ‘नाही’ म्हटलं.

टाकीवर सामान ही आपली लहर नसून थोर परंपरा आहे, असं दाजींचं म्हणणं. ते खोटं नाही. इंग्लंडच्या ट्रायंफने १९४९ च्या मॉडेलांपासून टाकीवर क्रोमची जाळी द्यायला सुरुवात केली आणि साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती टिकली. साहेब त्यावर रेनकोट बांधी. मात्र समोरून धडक बसली की स्वार पुढे सरकतो आणि त्या जाळीवर येऊन थांबतो. नेमका कुठल्या अवयवाने थांबतो, ते घरात सगळेच वाचतात अशा मासिकात लिहिता येत नाही. दाजींनी परंपरेचा एवढा भाग सोडून दिला होता. २०१६ साली आलेल्या हिमालयन मोटरसायकलला कंपनीनेच टाकीच्या दोन्ही अंगांना रॅक दिले आहेत, वर नव्हे, हे मी दाखवलं तर म्हणाले, ‘बाजूला माझे गुडघे असतात.’

नाना पेठेत दुचाकीचं जे मिळत नाही ते जगात बनलेलंच नाही, अशी पुणेकरांची श्रद्धा आहे. तिथे चुंबकाने चिकटणारी टँक बॅग निघाली. ‘यात नारळ किती बसतील?’ दाजींनी विचारलं. ‘साहेब, यात लॅपटॉप बसतो,’ दुकानदार म्हणाला, आणि त्याने पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

मग फॅब्रिकेशनवाला मिस्त्री. त्याने लांबूनच हात वर केला. ‘टाकी काढून घरी ठेवा, मग गाडी आणा.’

‘रिकामी करून आणतो की.’

‘रिकामी तर अजिबात नको. भरलेलीत पेट्रोल असतंय, रिकामीत वाफ. भडका उडतो तो वाफेचा. टाका मारला की तुम्ही, मी अन् ही गल्ली.’

त्यामुळे टाकी घरच्या दिवाणावर विसावली आणि तिचा पुठ्ठ्याचा पुतळा करून तो वर्कशॉपला गेला. मिस्त्री कमी बोलणारा, पण जाणता. टाकीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, त्यावर कसलंच वजन टाकायचं नाही. चार पाय चेसीवर, क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर, नट नायलॉकचे, कारण एका सिलिंडरची गाडी साधे नट थरथरवून सैल करते. कॅरियर टाकीपासून दोन बोटं वर. ‘पण साहेब, पेट्रोलचं झाकण?’ त्याने विचारलं. याचा विचार दाजींनी केला नव्हता, म्हणून त्यांनी तो केल्यासारखा चेहरा केला. मिस्त्रीने पुढच्या बाजूला दोन बिजागऱ्या मारल्या. कॅरियर पेटीच्या झाकणासारखं उघडू लागलं. दाजींनी ते इतक्या वेळा उघडून मिटून पाहिलं, की शेजारी बघायला आले.

पुणे ते दिवेआगर ताम्हिणीतून सुमारे १६० किलोमीटर. पहाटे चांदणी चौक सोडेपर्यंतच बिजागरीचं खरं रूप कळलं : ती रिकाम्या कॅरियरलाच उघडते. वर बाकरवडी-आंबा बर्फीचा डबा, आत्याचं गुडघ्याचं तेल आणि दाजींची उशी दोरीने जखडलेली असताना ती फक्त कुरकुरते. पंपावरच्या पोराने गजांमधून नोझल तिरकं घातलं, पेट्रोल फेसाळून उसळलं, आणि सोनेरी रेघेवर थेंब पडताच दाजी ओरडले, ‘बास!’ टाकी अर्धीच राहिली.

पिरंगुटला चहा पीत होतो तर एका आजींनी येऊन टाकीवरचा डबा टिचकीने वाजवला. ‘खारी कशी दिली?’ दाजी म्हणाले, ‘विकायची नाही, आजी.’ पौडला एकाने बटरची चौकशी केली. मुळशीच्या पाण्याकाठी फोटो काढायला थांबलो, तर एक गृहस्थ लांबून ओरडले, ‘पाव ताजे आहेत का?’ पुढे निजामपूर येईपर्यंत दाजी एक शब्द बोलले नाहीत.

दिवेआगरचे दिवस छान गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माणूस सुखात असला की मजकूर निघत नाही. १९९७ साली या गावात एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. आत्याच्या वाडीत खणावं लागत नाही. जे काही आहे ते झाडाला लटकलेलं असतं, आणि निघायच्या सकाळी त्यातलं सर्वांत मोठं गड्याने खाली उतरवलं. कापा फणस, चौदा-पंधरा किलोचा. आत्या म्हणाल्या, ‘उद्यापर्यंत होईल हो तयार.’ गड्याने सुंभाने तो असा आवळला, की पुढच्या पिढीलाही गाठ सुटू नये.

फणस बसला, पण त्याचं देठाकडचं टोक हँडलला अडू लागलं. गाडी उजवीकडे पूर्ण वळे, डावीकडे चार बोटं. मी घाबरलो. दाजींनी शास्त्र सांगितलं : वेगात असलेली मोटरसायकल हँडलने वळत नाही, कलल्याने वळते. आणि खरोखर, म्हसळ्याची सगळी वळणं आम्ही झोकात कलत काढली. खालून इंजिनाची धग वर येत होती आणि आत्यांचा ‘उद्या’ बोर्लीच्या पुढेच उजाडला होता. तो घमघमाट माझ्या हेल्मेटात शिरून बसला.

मोर्बा सोडल्यावर गाडीने आचके दिले. दाजींनी फणसाला मिठी मारून डावा हात खाली घातला, चाचपडत कॉक रिझर्व्हला फिरवला. माणगावात पंप दिसला. डाव्या हाताला.

तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं, हे भूमितीत बरोबर आहे. मे महिन्यातल्या रविवारी, मुंबई-गोवा महामार्गावर, माणगावात हा सिद्धांत सिद्ध करायला पाऊण तास लागतो.

‘काका, झाकण कुठंय?’

‘फणसाखाली.’

पोराने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने धूम्रपान, मोबाइल आणि आगपेटीच्या मनाईची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. फणस तिच्यात नव्हता. ‘तरी पण इथे नको,’ ते म्हणाले. शेवटी शेजारच्या शहाळेवाल्याची कोयती आणली, गाडी कडेला ढकलली, सुंभ कापला, फणस उतरवून फरशीवर ठेवला, आणि बिजागरी पुण्याबाहेर पहिल्यांदा उघडली. दाजींनी टाकी काठोकाठ भरून घेतली. सुंभाचे मात्र आता वीत-वीतभर तुकडे उरले होते.

तेवढ्यात मागच्या मोटारीची काच खाली झाली. गॉगल लावलेल्या एका बाईंनी नाक वर करून वास घेतला. ‘अहो, फणसवाले! कापा की बरका?’

मी डोळे मिटले. पिरंगुटच्या आजी, पौडचे बटर, मुळशीचे पाव, सगळं आता या बाईंवर निघणार होतं.

‘कापा,’ दाजी म्हणाले. ‘घरच्या वाडीतला. चारशे.’

‘साडेतीनशे.’

‘ताई, वास बघा. पावणेचारशे द्या, डिकीत मी ठेवून देतो.’

नोटा मोजून दाजींनी वरच्या खिशात ठेवल्या, रिकामं कॅरियर उगाचच एकदा उघडून मिटलं आणि किक मारता मारता मला विचारलं, ‘पुढच्या रविवारी मोकळा आहेस ना?’