बांधावरचे नाना

कसमाद्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या पट्ट्यात, कांदा आणि डाळिंबाच्या जोडीने आणखी एक पीक बारमाही येतं. ते म्हणजे बांधाचा जाणकार. पाऊस दगा देतो त्या वर्षी ते उलट जास्त फोफावतं, कारण वावरात काम नसतं. देवळ्याहून लोहोणेरकडे निघा नाहीतर उमराण्याकडे, दर चार-दोन मळ्यांआड असे एक नाना भेटणारच. त्यांची शेती दोन-अडीच एकर असते, अधिकार मात्र तालुकाभर चालतो.

नाना माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, जागेच्या कोपऱ्याकडे बघून बोलतात. लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी मांडवाचा खुंट कुणाच्या हद्दीत रोवलाय ते पाहून घेतात. दहाव्याला गेले तर कावळा शिवायच्या आत त्यांच्या डोक्यात वारस नोंद लागून गेलेली असते. काखेत कापड दुकानाची जुनी पिशवी. तिच्यात सातबारा, आठ-अ, फाळणीची नक्कल आणि मोजणीची 'क' प्रत. खिशात टेप असतो मीटरचा, पण तोंडात भाषा साखळीची. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. नानांच्या मते जगाचा हिशेब इथेच थांबायला हवा होता. हेक्टर आणि आर हे बांध कोरणाऱ्यांच्या सोयीसाठी काढले, असं त्यांचं ठाम मत.

गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी आणि जमाबंदी सुरू केली. नाना या दोघांबद्दल असं बोलतात, जणू ते त्यांच्या सासुरवाडीचे. "विंगेट असता तर आबाची हिंमत झाली नसती," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कांद्याच्या लिलावातही ऐकलंय.

आबा म्हणजे नानांचे शेजारी. दोघांच्या वावरांमध्ये जो बांध आहे, त्यावरून एके काळी बैलगाडी जायची. दरवर्षी नांगरटीला एकेक तास दोन्हीकडून सरकत गेला आणि आता त्यावरून मेंढीसुद्धा तिरपी चालते. कोरला कुणी, हे विचारायचं नाही. विचारलं की नाना मराठी सोडून थेट अहिराणीत येतात: "हाऊ बांध मना शे!" पलीकडून आबाही तेच वाक्य, त्याच सुरात म्हणतात. ट्रॅक्टरवाला पोरगा बांधाजवळ आला की गाण्याचा आवाज बंद करतो.

मध्यंतरी मोजणी झाली. रोव्हर नावाचं यंत्र घेऊन भूकरमापक आले आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांनी खुणा दाखवल्या. नानांनी विचारलं, "त्या उपग्रहाला ठाऊक आहे का, इथं बोर होती?" बोर नानांच्या लहानपणीच वाळली होती, पण हद्दीच्या बाबतीत नाना जिवंत आणि मृत असा भेद करत नाहीत. मोजणीत दोघांचंही दोन-चार बोटं इकडेतिकडे निघालं. आबा हसले. नानांनी निमताना मोजणीचे, म्हणजे फेरमोजणीचे, कागद काढायला घेतले.

सरकारने जानेवारी २०२३ मध्ये 'सलोखा' योजना आणली. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे किमान बारा वर्षं वहिवाटीला असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक एक हजार आणि नोंदणी एक हजार. बस. नानांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तीन पिढ्यांचं भांडण दोन हजारांत द्यायचं?" सरकार एवढ्या स्वस्तात काहीतरी काढून घेतंय, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर होता. आणि मला विचाराल तर तो अगदीच खोटा नव्हता. भांडण मिटलं असतं, तर रोज सकाळी बांधावर जायला नानांकडे कारणच उरलं नसतं. आबांची तब्येत कशी आहे, सून माहेराहून आली का, मोटार का बंद आहे, हे सगळं नानांना कळतं ते बांधावरून.

तर अशा या नानांच्या राज्यात सॉना आला.

आबांचा धाकटा फिनलंडला नोकरीला. वैशाखात सुट्टीवर आला आणि त्याने घरामागे, बांधालगत, लाकडी सॉना बांधायचं काढलं. नानांना सुतळीचा वास लागतोच. आखणीची दोरी ताणायच्या आत ते टेप घेऊन हजर.

"काय बांधतोय रे बाळा?"

"सॉना, नाना. दगड तापवायचे, त्यावर पाणी टाकायचं. आत ऐंशी-नव्वद अंश तापतं. बसायचं आणि घाम काढायचा."

नानांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग पोराकडे. "घाम काढायला खोली? उद्या सकाळी कांदे काढायला ये. मजुरीही देतो."

पोरगा फिनलंडचं सांगू लागला. पंचावन्न लाखांच्या आसपास माणसं आणि तीस लाखांच्या आसपास सॉना. २०२० साली युनेस्कोने त्यांच्या सॉना संस्कृतीला वारसा यादीत घातलं. नानांचे डोळे चमकले. तीस लाख सॉना म्हणजे हद्दीचे दावे किती असतील! पोराने सांगितलं, तसं नाही. तिकडे १ जानेवारी २०२५ पासून नवा बांधकाम कायदा आलाय. तीस चौरस मीटरच्या आतल्या छोट्या बांधकामाला साधारणपणे परवानगीच लागत नाही.

नानांनी मनात गुणाकार केला. सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. पाव गुंठ्याहून जरा जास्तच. "एवढं बांधायचं आणि कुणाला विचारायचं नाही? मग तिकडचे लोक दिवसभर करतात काय?"

"सॉनात बसतात."

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग पिशवी उघडली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. शेतावरची इमारत म्हणजे अवजारं, खत, चारा ठेवायला, पीक साठवायला, गुरं बांधायला किंवा घरच्या माणसांना नि गड्यांना राहायला. यात सॉना कुठे बसतो? पोराने डोकं खाजवलं. तेव्हा नानांनीच बोट पुढे सरकवलं: शेतकऱ्याच्या लागवडीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असेल असं इतर कोणतंही काम. "शेतीत घाम गाळणं अविभाज्य आहे. यात बसेल," ते म्हणाले. नानांचं हे असं. शत्रूचं काम अडवतील, पण त्याचा अर्ज कच्चा राहिलेला त्यांना बघवत नाही.

अडलं ते वाफेवर. खोलीचा झरोका बांधाकडे. वाफ निघणार ती थेट नानांच्या डाळिंबावर. पाण्याची पन्हाळ, पत्र्याची पागोळी, गोठ्याचं मूत यांची भांडणं नानांनी पुष्कळ हाताळली होती. वाफेचा दावा मात्र तालुक्यात पहिलाच ठरला असता, आणि नानांच्या अंगावर काटा आला तो आनंदाचा. "वाफेनं डाळिंबावर तेल्या वाढला तर?" त्यांनी विचारलं. आठवडाभर देवळ्यात जो भेटेल त्याला ते वाफेची हद्द समजावत होते.

तेवढ्यात कांद्याचा भाव पडला. आबांनी उन्हाळ कांदा विकायचा नाही असं ठरवलं, आणि साठवायला जागा हवी म्हणून सॉनाच्या आखणीवर कांदाचाळ उभी केली. पोरगा आपली लाकडं चाळीला देऊन परत गेला.

नानांचं तोंड उतरलं. चाळ म्हणजे पीक साठवण, संहितेत सरळ बसते, बोलायला जागाच नाही. दोन दिवस ते बांधावर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी दिसले, हातात १८८२ चा सुविधाधिकार कायदा. चाळीला वारा लागतो, नाहीतर कांदा सडतो. तो वारा येतो नानांच्या वावरावरून. आणि इमारतीला शेजाऱ्याच्या जागेवरून येणारा उजेड-वारा वीस वर्षं अखंड, बिनतक्रार मिळाला, तर तो हक्क होऊन बसतो. "म्हणजे वीस वर्षांनी मला माझ्याच बांधावर भिंत घालता येणार नाही!"

तेव्हापासून नाना दरवर्षी एक दिवस चाळीसमोर, आपल्या हद्दीत, भली मोठी ताडपत्री बांधून वारा अडवतात आणि तारखेसह फोटो काढून ठेवतात. देवळ्याच्या एका वकिलाने त्यांना सांगितलं, की नाना, असा एक दिवस अडवून उपयोग नाही, समोरच्याने तो अडथळा माहीत असून वर्षभर सोसला तरच खंड पडला असं कायदा मानतो. नाना म्हणाले, वर्षभर अडवला तर आबाचा कांदा सडेल ना.

संध्याकाळी वारा सुटतो, ताडपत्री फुगते आणि एकट्या माणसाला आवरत नाही. नाना बांधावरून आबांना हाक मारतात. आबा शिव्या घालत येतात आणि दुसरं टोक धरतात.