आधी एक डोंगर घ्या

साहित्य : डोंगर 1, घराची पाठ राखेल असा. टेकड्या 2, त्यांतली डावीकडची किंचित उंच. नदी 1, वळणावळणाची. सरळ सुसाट जाणारी चालत नाही. दिवंगत वाडवडील, असतील तेवढे. भाऊ, शक्यतो एकाहून अधिक. शेजारी 1. होकायंत्र, मोजपट्टी, सल्लागार.

हसरा बुद्ध, बांबूची जुडी, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक यांची नावे यादीत नाहीत म्हणून नवशिक्यांनी गोंधळू नये. ते सामान केव्हाही मिळते. फेंगशुईला लागणाऱ्या खऱ्या वस्तू दुकानात मिळत नाहीत, म्हणून दुकानदार त्यांचा विषय काढत नाहीत, इतकेच.

डोंगर

डोंगर उत्तरेला हवा आणि घराचे तोंड दक्षिणेला. मागचा डोंगर म्हणजे काळे कासव, डावीकडची टेकडी म्हणजे हिरवानिळा ड्रॅगन, उजवीकडची ठेंगणी टेकडी पांढरा वाघ आणि समोरची मोकळी जागा लाल पक्षी. इसवी सन 324मध्ये वारलेल्या गुओ पू याच्या नावावर दफनाविषयीचा एक लहानसा ग्रंथ चालतो, तो या विद्येचा पाया मानतात. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : 'ची' नावाचा प्राण जमिनीतून वाहतो, वाऱ्याने उधळतो आणि पाण्यापाशी थांबतो. तेव्हा वारा अडवावा, पाणी जवळ करावे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात मंगोलियाकडून सुटणारा वारा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला हे पटायला ग्रंथ उघडावा लागत नाही.

वास्तुशास्त्र आधी शिकलेल्यांनी इथे जरा थांबावे. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे मात्र सम्राटाचे सिंहासनही दक्षिणाभिमुख. एकाच फ्लॅटसाठी दोन्ही शास्त्रांचे सल्लागार बोलावायचे असतील तर त्यांना वेगवेगळे दिवस द्यावेत.

डोंगर नसल्यास करून घ्यावा. मिंग सम्राट युंगलो याने 1406 ते 1420 या काळात बीजिंगचा राजवाडा बांधला. जागा सपाट होती. मग खंदक खणताना निघालेली माती राजवाड्याच्या उत्तरेला रचून जिंगशान ही सुमारे 45 मीटर उंचीची टेकडी उभी केली. ज्यांच्याकडे खंदक आणि लाखभर मजूर आहेत, त्यांनी ही पद्धत जरूर वापरावी.

वाडवडील

राहत्या घराची फेंगशुई हा या विद्येचा धाकटा भाग. थोरला भाग कबरींचा. पूर्वजांची हाडे चांगल्या जागी असली तर तिथला प्राण हाडांतून वंशजांपर्यंत पोचतो, अशी समजूत. दक्षिण चीनमध्ये पुरलेला देह काही वर्षांनी उकरायचा, हाडे स्वच्छ करून मातीच्या रांजणात भरायची आणि मग कायमची जागा शोधायची, अशी रीत आहे. भरभराट झाली नाही तर रांजण हलवता येतो. बदलीच्या जागेवर मन रमले नाही म्हणून अर्ज करणारे सरकारी नोकर आपण पाहिले आहेत. इथे अर्ज मुले करतात आणि बदली वडिलांची होते.

भाऊ लागतात ते इथे. कबरीची एक बाजू थोरल्याला फळते, दुसरी धाकट्याला. म्हणून थोरल्याला पसंत पडलेली जागा धाकट्याला पडेलच असे नाही. या वादात शवपेटी वर्षानुवर्षे पुरायची राहिल्याच्या तक्रारी जुन्या चिनी अधिकाऱ्यांनी वारंवार केल्या आहेत.

वाडवडील नसतील तर शत्रूचे वापरावेत. मिंग राजवटीच्या अखेरीस ली त्सचंग नावाच्या बंडखोराने धुमाकूळ घातला, तेव्हा एका मिंग अधिकाऱ्याने त्याच्या पूर्वजांच्या कबरी शोधून उकरल्या. मुळावरच घाव. तरीही 1644च्या वसंतात ली बीजिंगमध्ये शिरला. शेवटचा मिंग सम्राट मागच्या दाराने बाहेर पडला, राजवाड्याची पाठ राखणाऱ्या त्याच जिंगशान टेकडीवर चढला आणि तिथे त्याने गळफास घेतला. लीच्या पूर्वजांच्या कबरींचा उपाय वाया गेला म्हणावा, तर सहाएक आठवड्यांत मांचू सैन्याने त्यालाही बीजिंगमधून हुसकले. म्हणजे उपाय लागू पडला, फक्त थोडा उशिरा. फेंगशुईत अपयश कधी सिद्धच होत नाही. नवशिक्यांनी ही सोय ध्यानात ठेवावी.

सल्लागार

सल्लागार कसा निवडावा याचा सर्वांत चांगला धडा सोंग काळातला इतिहासकार सीमा ग्वांग याने लिहून ठेवला आहे. घरात दफन करायचे होते, पैसा बेताचा होता. भाऊबंद म्हणाले, जाणकाराला विचारल्याशिवाय काही करायचे नाही. हे ऐकले नाही तर नातेवाईक दुरावणार, ऐकले तर खर्च वाढणार. सीमा ग्वांगच्या थोरल्या भावाने शेजारच्या गावातला चांग नावाचा जाणकार गाठला. पंचक्रोशीत त्याचा शब्द चाले, पण खेडुतांच्या दफनातून त्याला हजार नाण्यांच्या वर कधी मिळत नसे. भावाने त्याच्यापुढे वीस हजार नाणी धरली. अट एकच : मी सांगेन ते तुझ्या ग्रंथातून काढून दाखवायचे, नाही तर दुसरा बघतो. चांग खुशीने तयार झाला.

मग भावाने दिवस, वेळ, खड्ड्याची खोली आणि रुंदी, यायची वाट, सारे आपल्या सोयीने ठरवले. चांगने ग्रंथ चाळला आणि महाशुभ असा निर्वाळा दिला. भाऊबंद समाधानाने जेवले असतील. पुढे सहासष्टाव्या वर्षी सीमा ग्वांगने हिशेब मांडला : भाऊ 79 वर्षांचा, मोठ्या पदावरून निवृत्त, आपण दरबारात, घराण्यातले 23 जण सरकारी नोकरीत. काटेकोर मुहूर्तांनी पुरणाऱ्यांचेही याहून बरे चाललेले दिसत नाही. या गृहस्थाने पूर्वी दरबारात दफनग्रंथांवर बंदी घालण्याचा अर्जही केला होता. कोणी दखल घेतली नाही.

यातून नवशिक्याने घ्यायचे ते असे : अहवाल आधी ठरवावा, सल्लागार मागून बोलवावा. हे जमणार नसेल आणि सल्लागारच व्हायचे असेल, तर हाँगकाँगच्या टोनी चॅन याची कारकीर्द अभ्यासावी. आशियातल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांत गणल्या गेलेल्या बांधकाम उद्योजिका नीना वांग यांचा तो फेंगशुई मास्टर. 2007मध्ये त्या वारल्यावर सारी मालमत्ता आपल्या नावे असल्याचे मृत्युपत्र त्याने पुढे केले. 2010मध्ये न्यायालयाने ते बनावट ठरवले, 2013मध्ये त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता.

उपकरणे

चिनी होकायंत्राला लुओपान म्हणतात. मधे सुई, भोवती अक्षरांची वर्तुळावर वर्तुळे. 1088च्या सुमारास शन क्वो या चिनी विद्वानाने नोंदवले होते, की सुई नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेकडे झुकते. खलाशांच्या हाती होकायंत्र स्थिरावण्याआधी ते भूमी पारखणाऱ्यांकडे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मोजपट्टी मात्र जरूर मिळवावी. हाँगकाँग, तैवान, मलेशियात हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या गुंडाळत्या टेपवर सेंटिमीटरशेजारी आणखी दोन ओळी छापलेल्या असतात. लाल अक्षरांत शुभ माप, काळ्यात अशुभ. एक ओळ जिवंतांच्या घरासाठी, साधारण 43 सेंटिमीटरचा एक फेरा. दुसरी कबरी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी, साधारण 39 सेंटिमीटरचा. सुतार जिवंत माणसाचे टेबल मोजताना कोणत्या ओळीकडे बघतोय, तेवढे पाहत राहावे.

शेजारी

शेजाऱ्याशिवाय फेंगशुईला धार येत नाही. 1985मध्ये वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरने हाँगकाँगमध्ये एका ब्रिटिश बँकेचे मुख्यालय उभारले. 1990मध्ये जवळच आय. एम. पेई यांनी आखलेला बँक ऑफ चायनाचा त्रिकोणी कडांचा मनोरा उघडला. लोक म्हणू लागले, कडा म्हणजे सुरीची पाती आहेत, एक ब्रिटिश गव्हर्नरच्या बंगल्यावर रोखलेले. गव्हर्नरच्या बागेत म्हणे विलोची झाडे लावली गेली. ब्रिटिश बँकेच्या गच्चीवर देखभालीच्या क्रेन आहेत. त्या मनोऱ्याकडे तोंड केलेल्या तोफांसारख्या दिसतात, हे शहरातल्या कोणालाही विचारावे. हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे देणाऱ्या 1997च्या हस्तांतराच्या वाटाघाटी एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितल्या असतील असे मला वाटत नाही.

दुसऱ्याला अडवण्यासाठी फेंगशुई वापरण्याचा हा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. 1876मध्ये शांघाय ते वुसुंग अशी चीनमधली पहिली प्रवासी रेल्वे परदेशी कंपनीने सुरू केली. पुढच्याच वर्षी चीन सरकारने ती विकत घेऊन उखडली. आक्षेपांत फेंगशुई होती. पण कंपनीने रस्त्याच्या नावाखाली, रेल्वेची परवानगी नसताना रूळ टाकले होते, हेही आक्षेपांतच होते. ज्यांना नकाशा आणि वकील मिळत नाही, त्यांना 'आमच्या ड्रॅगनची नस तुटते' एवढे म्हणता येते. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधल्या गावकऱ्यांनी ते इतके नेटाने म्हटले, की सार्वजनिक कामाने गावाची फेंगशुई बिघडत असेल तर तिथले सरकार शांतिविधीचा खर्च देते. याच गावांच्या पाठीशी राखलेली फेंगशुई-वने आहेत. बाकी डोंगर उघडे पडले तेव्हा जुन्या जंगलातली झाडे या राईंत उरली. आपल्या देवरायांची आठवण होईल. कुऱ्हाड थांबवायला तिथेही कायदा पुरला नव्हता.

फ्लॅट

डोंगर, नदी, कबर, शेजारी यांपैकी काहीच नसल्यास फ्लॅट वापरावा. यासाठी आभार मानायचे ते लिन युन यांचे (1932–2010). अमेरिकेत बर्कलीला राहून त्यांनी अशी पद्धत रुजवली, की होकायंत्र नको, घराच्या दारावरूनच आठ कोपरे ठरवायचे : एक पैशाचा, एक लग्नाचा, एक कीर्तीचा. यामुळे प्रत्येक माणसाला, तो कितव्याही मजल्यावर असो, पैशाचा कोपरा मिळाला. तो संडासात आल्यास झाकण बंद ठेवावे.

कोपऱ्यात ठेवायचे सामान आता घ्यायला हरकत नाही. 'लकी बांबू' बांबू नाही; मध्य आफ्रिकेतले ड्रॅसिनाचे झुडूप आहे. पंजा हलवणारी मांजर जपानची. हसरा बुद्ध हा बुद्ध नव्हे, दहाव्या शतकातला बूदाई नावाचा ढेरपोट्या भिक्षू. खांद्यावर झोळी टाकून हिंडणारा, घर नसलेला. त्याला आपण घराची बरकत सांभाळायला बसवले आहे.

एक वेळापत्रकही आहे. वीस-वीस वर्षांच्या नऊ कालखंडांपैकी आठवा 2024च्या फेब्रुवारीत संपला, नववा सुरू झाला. आठव्यात मांडलेले फर्निचर आता पुन्हा हलवावे लागेल. उशीर झाला असे समजू नये. मुदत 2044च्या सुरुवातीपर्यंत आहे.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत हसरा बुद्ध घेताना दुकानदार एक नियम हमखास सांगतो : स्वतःसाठी घेतलेला लागू पडत नाही, कोणीतरी भेट द्यावा लागतो. तेव्हा भावाला एक घेऊन द्यावा. मोठा घ्यावा, कंजूषपणा करू नये. मग महिन्याभराने सहज चहाला जावे आणि त्याने तो कुठल्या भिंतीला, आपल्या घराकडे तोंड करून की पाठ करून ठेवला आहे, ते पाहून घ्यावे.