भोपळ्याची भरारी

डेलावेअर हे अमेरिकेतलं एवढंसं राज्य. नकाशावर बोट ठेवलं की झाकलं जातं. १९८६ साली तिथल्या काही मित्रांमध्ये पैज लागली, की आपल्यापैकी भोपळा सगळ्यांत लांब कोण फेकतो ते बघू. मूळ विषय लोहाराची ऐरण फेकण्याचा होता म्हणतात. ऐरणीवरून गाडी भोपळ्यावर कशी आली, हे ज्याने पारावरच्या गप्पा ऐकल्यात त्याला समजावून सांगायला नको. पहिल्या वर्षी जिंकलेला भोपळा दोनशे फूटही गेला नाही. पण खोड लागली ती लागलीच. पुढे वर्षानुवर्षं, हॅलोविन उलटला की नोव्हेंबरात कापणी झालेल्या शेतात मेळा भरायला लागला, हजारो माणसं जमायला लागली, टीव्हीवाले यायला लागले. घराघरांतले हौशी यंत्रकार गॅरेजात वर्षभर खपून उभी केलेली धुडं ट्रेलरवर लादून आणू लागले. मेळ्याचं नाव ‘पंकिन चंकिन’.

नियम थोडे होते, पण ज्याने केले त्याला माणसाची नस कळलेली असावी. भोपळा आठ ते दहा पौंडांचा, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार किलोचा. तो जमिनीवर आदळेपर्यंत अखंड राहिला पाहिजे. हवेतच फुटला तर ती फेक बाद, भोपळ्याला भोपळा. आणि दारू अजिबात चालणार नाही. बंदुकीची. दुसरीबद्दल मी बोलत नाही.

या शेवटच्या नियमानेच सगळी मजा केली. दारू ठासली, बत्ती दिली आणि भोपळा गेला, यात कोणाचं डोकं चाललं? सहा-सातशे वर्षं माणूस तेच करतो आहे. सरळ रस्ता बंद केला, की माणसं आडवाटेला लागतात आणि आडवाटेला काय काय दिसतं! कोणी झाडाएवढा दांडा उभारला, कोणी दोरांना पीळ घालून ताण साठवला, कोणी मोटारीच्या इंजिनाने लोखंडी हात गरागरा फिरवला, कोणी नुसत्या माणसाच्या हातापायांच्या जोरावर भिस्त ठेवली. आणि कोणी टाकीत हवा कोंडली. या प्रत्येकाचा स्वतंत्र गट, स्वतंत्र विक्रम, आणि अर्थातच स्वतंत्र अहंकार.

माझ्या मावशीला मी या मेळ्याचं चित्रीकरण दाखवलं. तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “अरे, पण त्या भोपळ्याचे घारगे किती झाले असते?” मग थोडं थांबून म्हणाली, “आमच्याकडे पहिला घाव पुरुषाने घालायचा असतो भोपळ्यावर. पण त्यासाठी एवढी माणसं लागत नाहीत.” तिला भोपळ्याचा प्रवास नवा नाही. लेकीकडून घरी निघालेल्या म्हातारीला वाघ-कोल्ह्यांच्या तावडीतून सुखरूप घेऊन येणारं हे मराठी मुलाला माहीत असलेलं पहिलं वाहन. फक्त त्यात म्हातारी आत बसलेली असायची आणि वाहन एकसंध घरी पोचायचं.

एकसंध पोचणं, हीच खरी गोम. फेकणं अवघड नाही, फेकल्यावर भोपळा भोपळाच राहणं अवघड आहे. फळ आहे ते. आत पोकळी, पोकळीत बिया आणि दोरे. त्याला एकदम धक्का दिला तर त्याचा तिथल्या तिथे लगदा होतो. म्हणून तरबेज मंडळी बियाणं निवडण्यापासून सुरुवात करतात. जाड सालीचे, घट्ट गराचे, पांढरट रंगाचे वाण त्यांना प्रिय. दिवाणखान्यात शोभेल असा केशरी देखणा भोपळा इथे कामाचा नाही. या खेळातली सगळी डोकॅलिटी शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन ठेपते: जोर तर लावायचा, पण दणका बसू द्यायचा नाही.

गोफणीने हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं राखणाऱ्याकडे बघा. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. दगड एकदम सुटत नाही. घेर घेत घेत वेग त्याच्या अंगात मुरतो आणि नेमक्या क्षणी चिमूट सैल होते. मध्ययुगातलं युरोपी ट्रेबुशे, म्हणजे आपल्या दख्खनच्या लढायांत भेटणाऱ्या मंजनिकाचं भावंड, ही तीच गोफण. फक्त राखणदाराच्या जागी लाकडी तुळई. आखूड टोकाला दगडांनी भरलेली पेटी, लांब टोकाला गोफण. पेटी खाली येते, तुळई वर जाते, गोफण तिच्यामागून फरफटत येते आणि मग डोक्यावरून वळसा घेते. एका बाजूचा दोर कायमचा बांधलेला; दुसऱ्याच्या टोकाला कडी, ती तुळईच्या टोकाशी बसवलेल्या खिळ्यावर नुसती अडकवलेली. चिमूट कधी सुटायची ते हा खिळा ठरवतो. तो किती वाकवलाय यावर सगळं राजकारण. कडी लवकर निसटली तर भोपळा आभाळाकडे जातो, प्रसंगी मागे उभ्या असलेल्या मालकाकडेही येतो. उशिरा निसटली तर पुढ्यातच जमिनीत घुसतो. मग एवढ्या मोठ्या धुडाखाली चार दाढीवाले उकिडवे बसून, हातोडीने खिळ्याला एक हलकीशी टिचकी मारतात. पुन्हा चढवतात. पुन्हा टिचकी.

ट्रेबुशेत हौशी लोकांनी अलीकडे एक गंमत केली. वजनाची पेटी गोलाईत खाली येताना झोकांड्या खाते आणि जोर वाया जातो. म्हणून त्यांनी तुळईच्या कण्यालाच चाकं लावून तो मोकळा सोडला. आता वजन विहिरीत टाकलेल्या बादलीसारखं सरळ खाली येतं आणि कणा बाजूला सरकतो. हजारभर वर्षांच्या यंत्रात ही सुधारणा करायला कोणतं राज्य जिंकायचं नव्हतं, कोणाचं अनुदान नव्हतं.

राज्य जिंकायचं असलं तरी माणूस शेवटी हौशीच, याला इतिहासात साक्ष आहे. १३०४ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्याला वेढा घातला आणि ‘वॉरवुल्फ’ नावाचं प्रचंड ट्रेबुशे बांधायला घेतलं. ते उभं राहीपर्यंत किल्लेकरी टेकीला आले आणि शरण यायला निघाले. राजाने शरणागती नाकारली. आधी यंत्र चालवून बघू, मग शरण या! एवढा खर्च केला, सुतार राबवले, आणि एकही धोंडा न टाकता घरी जायचं? राजकारण म्हणून हे वाईट, माणुसकी म्हणून त्याहून वाईट. पण नवा मिक्सर आणलेल्या प्रत्येक घराला राजाची अडचण समजेल.

त्याच इंग्लंडात १९९०च्या आसपास श्रॉपशायरमधल्या ह्यू केनेडी नावाच्या जमीनदाराने, रिचर्ड बार या मित्राला हाताशी धरून, साठ फूट उंचीचं ट्रेबुशे बांधलं. वजनाची पेटी साडेपाच टनांची. त्यातून त्यांनी पियानो फेकले, मेलेली डुकरं फेकली, मोटारी फेकल्या. का, असं विचारणाऱ्यांना त्यांच्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हतं आणि ते असायला हवं होतं असं मलाही वाटत नाही. पियानो हवेतून जाताना काय वाजत असेल, याचाच विचार मी बराच वेळ केला.

आता हवेच्या तोफा. ट्रेबुशेवाले यांच्याकडे जरा नाक मुरडून बघतात. म्हणजे गायकाने कराओकेवाल्याकडे बघावं तसं नाही. आदर आहे, पण ‘ह्यात कला कुठली?’ असा सूर आहे. लांब मात्र हीच मंडळी फेकतात. तत्त्व तसं फार जुनं आणि साधं. बस्तरमध्ये जगदलपूरला गोंचाच्या दिवसांत, म्हणजे जगन्नाथाच्या रथयात्रेच्या वेळी, पोरंथोरं बांबूच्या नळीची ‘तुपकी’ घेऊन हिंडतात. नळीत मालकांगोणीचं हिरवं फळ ठासायचं. ते पुढच्या तोंडाशी घट्ट बसतं. मग मागून दुसरं फळ घालून दट्ट्याने रेटायचं. दोन फळांमधली हवा दबते, दबते, आणि पुढचं फळ फट्कन सुटतं. मागचं फळ पुढच्याच्या जागी जाऊन बसतं, लगेच पुढची फेरी. ही देवाला सलामी. आमच्या गडचिरोलीला लागूनच हा मुलूख. डेलावेअरला अजून फार लांब आहे. पण त्या शेतातल्या शंभरेक फूट लांबीच्या नळीचं आणि पाण्याच्या टाकीएवढ्या हवेच्या टाकीचं आतलं नातं या वीतभर बांबूशी आहे.

नळी एवढी लांब कशाला, याचं उत्तर परत त्या नाजूक फळापाशी येतं. एकाच वेगाला पोचायचं तर छोट्या नळीत धाडकन ढकलावं लागतं. लांब नळीत सावकाश, सतत रेटता येतं. हवा ते रेटण्याचं काम समजूतदारपणे करते. हे अमेरिकेच्या आरमाराच्याही लक्षात आलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या तोफगोळ्यात डायनामाइट भरलं तर बारुदीच्या दणक्याने ते तोफेतच उडण्याची भीती. म्हणून त्यांनी ‘व्हेसुव्हियस’ नावाची युद्धनौका बांधली. तिच्यावर पंधरा इंची तोंडाच्या तीन तोफा, हवेवर चालणाऱ्या, जहाजाच्या पोटात पक्क्या बसवलेल्या. वळायची सोय नाही. नेम धरायचा तर जहाजच वळवायचं! १८९८च्या स्पेनबरोबरच्या युद्धात तिने रात्रीच्या अंधारात क्युबातल्या सँटियागोवर मारा केला. तोफेचा गडगडाट नाही, नुसता खोकल्यासारखा आवाज. त्यामुळे कुठून काय येतंय ते किनाऱ्यावर कळायचं नाही. नंतर आरमाराने तो नाद सोडला, आणि डुलणाऱ्या समुद्रावर अख्खं जहाज बंदुकीसारखं रोखून धरणाऱ्या सुकाणूवाल्याने बहुधा पेढे वाटले असतील.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांवरही अशीच वेळ आली. व्यापारी जहाजांना विमानांपासून बचावायला तोफा पुरेनात. तेव्हा कॉर्नवॉलमधल्या होल्मन बंधूंच्या कारखान्याने एक नळकांडं काढलं: दाबलेली हवा किंवा जहाजाच्या बॉयलरची वाफ यावर चालणारं. विमानं त्याने किती पाडली ते सोडा. पण खलाशांना लवकरच शोध लागला, की नळीत बाँबऐवजी बटाटाही जातो. मग शेजारून चाललेल्या जहाजाशी बटाट्यांची लढाई. चर्चिलना प्रात्यक्षिक दाखवायच्या दिवशी गोळेच पोचले नाहीत, तर मंडळींनी बीअरच्या बाटल्या उडवल्या अशी गोष्ट सांगतात. बटाट्याला हवेत पाठवण्याची आजची हौस बघितली, की वाटतं, त्या कारखान्याने नकळत लष्करापेक्षा पोराटोरांचं भलं केलं.

हवेच्या तोफेलाही मर्यादा आहे, आणि ती मजेदार आहे. भोपळ्याला ढकलायचं तर हवेला स्वतः त्याच्या मागे धावावं लागतं. हवेचा स्वतःचा पळण्याचा आवाका ध्वनीच्या वेगाशी बांधलेला. भोपळा त्या वेगाच्या जवळ गेला, की हवा मागे राहायला लागते, धाप लागलेल्या बापासारखी. म्हणून प्रयोगशाळांत जिथे खरोखर भन्नाट वेग हवा, तिथे हायड्रोजन किंवा हेलियमसारखे हलके वायू वापरतात. त्यांचे पाय हलके. शेतातल्या लोकांनी हवेवरच भागवलं आणि मैलाचं स्वप्न पाहिलं. डेलावेअरमध्ये मैल, म्हणजे ५,२८० फूट, काही गाठता आला नाही. मजल ४,६९४ फुटांवर थांबली. २०१० साली यूटामधल्या मोआबला ‘बिग टेन इंच’ नावाच्या तोफेने ५,५४५ फूट गाठले. मोआब समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांवर, तिथली हवा विरळ, भोपळ्याला अडवायला कमी. डेलावेअरकरांनी याकडे कसं पाहिलं असेल ते क्रिकेटच्या खेळपट्टीवर भांडणाऱ्या आपल्याला कळेल.

हौस म्हटली तरी दाबलेली हवा ही दाबलेली हवा. २०१६ साली मेळ्यात एका तोफेचा लोखंडी भाग उडाला आणि चित्रीकरणाला आलेल्या पथकातली एक बाई गंभीर जखमी झाली. डेलावेअरमधला मेळा त्यानंतर थांबला. बारुदीला बंदी घालून आपण धोक्यालाच बंदी घातली, असं सगळ्यांना थोडंसं वाटलं असणार. मला तर वाटलंच होतं.

इकडे गरागरा फिरवून फेकायची कल्पना मोठ्यांच्या हातात गेली आहे. ‘स्पिनलाँच’ नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात हवा काढून घेतलेली एक अजस्र चकती उभी केली. आत लांब हात गरागरा फिरवायचा आणि नेमक्या क्षणी बाणासारखं यान वर सोडायचं. २०२१च्या ऑक्टोबरात पहिली चाचणी झाली. यानातल्या उपग्रहाला त्या फेऱ्यात गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट भार सोसायला लावायचा, असा बेत. म्हणजे पुन्हा तेच: फेकणारा तयार आहे, जिन्नस तयार होईल का? जाड सालीचा उपग्रह शोधा.

डेलावेअरच्या मेळ्यातला मला सगळ्यांत आवडलेला गट मी शेवटासाठी राखून ठेवला होता. ‘थिएट्रिकल’. यात अंतराला किंमत नव्हती, करमणुकीला होती. अमेरिकेतल्या एखाद्या मराठी मंडळाने इथे नाव घातलं असतं तर बाकीच्यांची खैर नव्हती. आधी गणेशवंदना. मग ढोलपथक. यंत्राची पूजा, त्यावर नारळ. नारळ फोडायला कोयता विसरलेला, म्हणून खिळा वाकवायच्या हातोडीचा शोध. प्रमुख पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत, मंडळाच्या जुन्या अध्यक्षांचा नव्या अध्यक्षांना चिमटा. गोफणीची कडी कोणी अडकवायची यावर कार्यकारिणीत दोन तट. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालेलं, आणि मागच्या तंबूत काकूंनी भोपळा हेरून त्याच्या फोडी करायला घेतलेल्या.